स्टाउट आणि व्हॅनिला: बिअर फ्लोटचा सविस्तर रिव्ह्यू

काळीभोर स्टाउट बिअर, त्यात व्हॅनिला आईस्क्रीमचा एक गोळा आणि लांब दांड्याचा चमचा. बिअर फ्लोटला एवढंच लागतं. गेले अडीच महिने दर शनिवारी रात्री जेवण झालं की आमच्याकडे हेच चालू आहे, कधी नवरा आणि मी दोघंच, कधी ताई आणि दाजी आलेले असले की चौघं, दरवेळी वेगळी बिअर नाहीतर वेगळं आईस्क्रीम, आणि चव विसरायला नको म्हणून मी फ्रिजवर एक वहीच ठेवलीय. डेझर्ट म्हणून माझे ह्याला पूर्ण मार्क आहेत, पण बिअर बरोबर निवडली तरच. चुकीची निवडली तर बिअरही वाया आणि आईस्क्रीमही. म्हणून हा रिव्ह्यू जास्त करून बिअरच्या निवडीबद्दलच आहे.

एक गोष्ट आधी क्लिअर करते कारण मला दोघातिघांनी विचारलं. रूट बिअर फ्लोट नावाचा जो फेमस प्रकार आहे तो हा नाही. रूट बिअर हे नावापुरतं बिअर, ते झाडाच्या मुळं-सालींच्या स्वादाचं गोड सॉफ्ट ड्रिंक असतं, सहसा त्यात दारू नसते आणि लहान मुलं ते आरामात पितात. आपण बोलतोय खऱ्या बिअरबद्दल. आईस्क्रीम घातलं म्हणून त्यातलं अल्कोहोल कुठे जात नाही, त्यामुळे मुलांचा हात पोचेल अशा ठिकाणी ग्लास ठेवू नका, दिसायला ते अगदी कोल्ड कॉफीसारखं दिसतं, आणि ज्याला गाडी चालवत घरी जायचंय त्याने हे डेझर्ट म्हणून नाही तर ड्रिंक म्हणून मोजावं.

सुरुवात गिनेसच्या ड्राफ्ट कॅनने केली आणि खरं सांगायचं तर तिथेच थांबले असते तरी चाललं असतं. डब्लिनची ही बिअर, कंपनी १७५९ पासूनची, अल्कोहोल ४.२ टक्के, म्हणजे रंग बघून वाटते तेवढी स्ट्राँग अजिबात नाही. कॅन उघडला की फस्स करून मोठा आवाज येतो, तो आतल्या प्लास्टिकच्या छोट्या बॉलचा. त्या बॉलमध्ये दाबाखाली नायट्रोजन असतो, कॅन उघडला की दाब एकदम कमी होतो आणि बॉलच्या बारीक भोकातून तो बिअरमध्ये घुसतो, त्यानेच तो साईसारखा फेस तयार होतो. (रिकामा कॅन हलवला की आत खुळखुळ वाजतं ना, तो हाच बॉल.) आता ह्याचा आईस्क्रीमशी काय संबंध? खूप आहे. नायट्रोजन पाण्यात फारसा विरघळत नाही, त्याचे बुडबुडे एकदम बारीक असतात, आणि अशा बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइड नेहमीच्या बिअरपेक्षा कमी असतो. त्यामुळे जिभेला ती सोड्यासारखी झिणझिण होत नाही, आणि आईस्क्रीम टाकल्यावर ग्लास उतू जाण्याचं प्रमाणही खूप कमी. चवीला भाजलेली. ही भाजलेली चव येते ती रोस्ट केलेल्या बार्लीतून, कॉफीच्या बिया जशा काळ्या होईपर्यंत भाजतात तसंच बार्लीचं करतात, म्हणून तर स्टाउट पिताना कॉफीची आणि डार्क चॉकलेटची आठवण होते. मग कॉफी आणि व्हॅनिला जमतं तर स्टाउट आणि व्हॅनिला का नाही जमणार, एवढं साधं आहे ते.

ओतायची पद्धत मात्र नीट पाळा. सुरुवातीच्या एका शनिवारी मी ग्लासमध्ये आधी दोन गोळे टाकले आणि वरून नेहमीची फसफसणारी स्टाउट, बाटलीतली, धडाधड ओतली, तर फेस ग्लासच्या बाहेर, टेबलावर, टेबलावरून खाली नवऱ्याच्या चपलेवर. कारण असं की आईस्क्रीमचा पृष्ठभाग खडबडीत असतो, त्यात हवेचे कण, बर्फाचे कण, आणि बिअरमधल्या गॅसला बुडबुडा बनायला अशीच खडबडीत जागा हवी असते, मग सगळा गॅस एकदम सुटतो. शिवाय आईस्क्रीममधली दुधाची प्रथिनं त्या बुडबुड्यांभोवती पडदा धरतात त्यामुळे तो फेस पटकन बसतही नाही. म्हणून आता मी उलटं करते. ग्लास फ्रिजमध्ये गार केलेला, फ्रीझरमध्ये नाही, फ्रीझरमधल्या ग्लासला बर्फाची भुकटी धरते आणि ती वितळून बिअर पाणचट होते. मग तिरप्या ग्लासमधून हळूहळू अर्ध्याच्या थोडं वर बिअर, दोन मिनिटं तिला बसू द्यायचं, आणि मग चमच्याने गोळा अलगद वर सोडायचा. सोडायचा, टाकायचा नाही.

आणि मग लगेच खाऊ नका प्लीज. एक मिनिट थांबा आणि बघा. गोळा तरंगतो, त्याच्या कडेने बेज रंगाचा दाट फेस चढायला लागतो, आणि जिथे गार गोळ्याला बिअर टेकते तिथे ती गोठून त्याला बाहेरून एक पातळ बर्फाळ पापुद्रा धरतो. चमचा मारला की हा पापुद्रा कुरकुर करत फुटतो आणि आत मऊ व्हॅनिला. पहिला चमचा जवळजवळ नुसतं आईस्क्रीमच लागतं, मागाहून थोडी भाजकी चव. मधले चमचे सगळ्यात भारी, त्यात फेस, पापुद्रा, आईस्क्रीम, बिअर सगळं थोडं थोडं येतं आणि कडू की गोड हे ठरवता येत नाही. आणि तळाला उरतं ते कॉफीच्या मिल्कशेकसारखं दाट, ते ग्लास तोंडाला लावून प्यायचं. ताईला बिअर कडू लागते म्हणून ती कधी घोटभरही घेत नाही, पण तिने ह्या ग्लासचा तळ चमच्याने खरवडला हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आईस्क्रीम कुठलं हा अर्धा प्रश्न आहे आणि लोक त्याकडे बघतच नाहीत. मी तीन व्हॅनिला ट्राय केली. आईस्क्रीममध्ये हवा घोटलेली असते, काही स्वस्त आईस्क्रीममध्ये तर निम्मी जागा हवेचीच, त्यामुळे एक लिटरच्या डब्याचं वजन साधारण ५५० ग्रॅमच भरतं. असला गोळा बिअरमध्ये पडला की बघता बघता फेस होऊन संपतो, चमच्याला काही लागतच नाही. दाट आईस्क्रीम, म्हणजे तेवढ्याच डब्याचं वजन जास्त असलेलं, शेवटपर्यंत टिकतं. डब्यावर लिटर आणि ग्रॅम दोन्ही छापलेले असतील तर दुकानात उभ्या उभ्या हा हिशोब करता येतो. दुसरी गोष्ट म्हणजे दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेलाचं फॅट असलेलं घेऊ नका, मी घेतलेल्या डब्याने टाळूला मेणासारखा थर धरला आणि मग स्टाउटची चव लागेचना. फ्लेवर साधा व्हॅनिलाच ठेवा. चॉकलेट आईस्क्रीम घालून बघितलं, वाईट नाही, पण भाजक्यावर भाजकं होतं, दोन्ही एकाच सुरात बोलतात आणि मजा जाते. कॉफी आईस्क्रीमचंही तेच. स्टाउटमध्ये जे नाही ते आईस्क्रीमने द्यायला हवं, म्हणजे दूध, गोडवा आणि तो फुलासारखा वास, आणि हे काम व्हॅनिलाच करतं. सॉल्टेड कॅरामल मात्र अपवाद, मिठाने स्टाउटचा कडूपणा चक्क खाली बसतो, करून बघाच.

मग दुसऱ्या बिअरकडे वळले. मिल्क स्टाउट हा प्रकार नावानेच आईस्क्रीमसाठी केलाय असं वाटतं. त्यात दूध नसतं, दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज असते, आणि बिअरच्या यीस्टला लॅक्टोज पचवता येत नाही म्हणून ती साखर तशीच शिल्लक राहून बिअरला गोलसर, जाड चव देते. नुसती प्यायला मला ही गिनेसपेक्षा जास्त आवडते. फ्लोटमध्ये मात्र गोडावर गोड होऊन तिसऱ्या-चौथ्या चमच्यानंतर कंटाळा आला. नवऱ्याला उलट हीच सगळ्यात आवडली, त्याचं म्हणणं ज्यांना बिअर नवीन आहे त्यांनी इथूनच सुरू करावं, आणि ते पटण्यासारखं आहे. ज्यांना दूध पचत नाही त्यांनी लक्षात ठेवा की इथे नुसती बिअरसुद्धा चालणार नाही.

इम्पीरियल स्टाउट हा वेगळाच मामला. अठराव्या शतकात लंडनहून रशियाच्या राजदरबारासाठी जी जाड, जबरी स्टाउट जायची तिचा हा वंश. अल्कोहोल ८ पासून १२ टक्क्यांपर्यंत, कधी त्याच्याही वर, चव मळीची, मनुकांची, जळक्या साखरेची. ही ग्लासभर ओतून फ्लोट करू नका, मी केला आणि दोघांनाही तो संपवता आला नाही, जड होतो. हिची पद्धत उलटी: वाटीत एक मोठा गोळा आणि वरून दोन-तीन टेबलस्पून बिअर, सॉससारखी, जशी गरम एस्प्रेसो आईस्क्रीमवर ओततात तशी. आणि बिअर फ्रिजमधून काढून पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवलेली, कारण अति गार असली की तिचा वास बंद असतो. दाजी ह्या वाटीवर इतके खूश झाले की ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, आणि मग म्हणाले "हे असंच पुन्हा." एक बाटली चौघांना पुरून उरली. माझ्या वहीत गिनेसच्या फ्लोटखालोखाल हा नंबर आहे, पाहुण्यांसमोर ठेवायचं असेल तर पहिला.

काळ्या बिअर सोडून जमणारी एकच मिळाली, ती म्हणजे जर्मन वाइझनबॉक. गव्हाची, गडद तपकिरी, स्ट्राँग. श्नायडरची अव्हेंटिनुस घेतली होती, १९०७ पासून बनतेय आणि अल्कोहोल ८.२ टक्के. गव्हाच्या बिअरचं यीस्ट आंबवतानाच केळ्याचा आणि लवंगेचा वास तयार करतं, बाहेरून केळं किंवा लवंग काहीही घातलेलं नसतं. ह्यात व्हॅनिला पडलं की तोंडात अक्षरशः केळ्याचं आईस्क्रीम आणि वर मसाल्याचा झटका. मला हे अपेक्षितच नव्हतं. फसफस मात्र भयंकर, गव्हाच्या बिअरमध्ये गॅसही भरपूर आणि प्रथिनंही भरपूर, तेव्हा ग्लास तिप्पट मोठा घ्या आणि बिअर एक तृतीयांशच ओता.

फळांची आंबट बिअर ह्या विषयावर माझं आणि ताईचं अजून एकमत नाही. लिंडेमान्सची फ्रॅम्बुआझ आणली होती, बेल्जियमची लॅम्बिक, रासबेरीची, जेमतेम अडीच टक्के अल्कोहोल, गुलाबी फेस, दिसायला सगळ्यात सुंदर ग्लास हाच झाला. चवसुद्धा छान, आंबटगोड, रासबेरी आणि क्रीम एकत्र खाल्ल्यासारखी. अडचण दिसण्याची आहे. पाच मिनिटांत फेसात बारीक पांढरे कण दिसायला लागतात, दूध नासल्यासारखे, आणि खरोखर तेच होत असतं: दुधातलं केसीन नावाचं प्रथिन ४.६ पीएचच्या (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) आसपास आलं की गोळा व्हायला लागतं, आणि लॅम्बिक त्याहून बरीच आंबट. तब्येतीला ह्याने काही होत नाही. ताईने ते कण बघितले आणि ग्लास सरकवला, मी दोन्ही ग्लास संपवले. ज्यांना हे बघवत नाही त्यांनी आईस्क्रीमऐवजी रासबेरीचंच सॉर्बे घालावं, त्यात दूध नाही, त्यामुळे कण पण नाहीत.

आता जे करू नका ते. आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, हॉप्सच्या कडूपणाची बिअर. एका छोट्या ब्रुअरीची, नुसती प्यायला झकास बिअर होती, हॉप्सचा (बिअरला कडूपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं) संत्र्यासारखा वास वगैरे, म्हणून वाटलं संत्रं आणि व्हॅनिला जमेल. नाही जमलं. गार असताना जिभेला गोडवा कमी जाणवतो, ते आईस्क्रीम वितळल्यावर किती जास्त गोड लागतं ते आठवा म्हणजे कळेल, आणि जो काही गोडवा जाणवतो तोही गिळल्याबरोबर जातो. हॉप्सचा कडूपणा मात्र मागे घशात चिकटून राहतो, आणि आधी गोड खाल्लेलं असल्यामुळे तो आणखीच उठून दिसतो. तोंडात ॲस्पिरिनची गोळी विरघळल्यासारखं. स्टाउटपण कडू असते, पण तिचा कडूपणा भाजलेपणाबरोबर येतो आणि त्या चवीला आपली जीभ कॉफीमुळे सरावलेली आहे, हॉप्सच्या कडूला दुधाची संगत सहन होत नाही. चौघांपैकी कोणीही दुसरा चमचा घेतला नाही. साधी पिवळी लागर पण करून बघितली, पाण्यात पडलेलं आईस्क्रीम, पुढे काही लिहिण्यासारखं नाही.

ह्याच काळात एका रेस्टॉरंटच्या मेनूवर स्टाउट फ्लोट दिसला म्हणून मोठ्या उत्साहाने मागवला. नाव घेत नाही, पण निराशा फार झाली कारण मेनूवर वाचूनच मी अर्धी खूश झाले होते. ग्लास डिशवॉशरमधून नुकताच काढलेला, हाताला कोमट लागत होता. आत भिंतीला चॉकलेट सिरपच्या रेघा, सॉफ्टी मशीनचं आईस्क्रीम, त्यावर व्हिप्ड क्रीम, त्यावर बिस्किटाचा चुरा, वर चेरी आणि जाड स्ट्रॉ. टेबलावर येईपर्यंत सगळं एकजीव, म्हणजे गोडमिट्ट चॉकलेट शेक झाला होता ज्यात मागे कुठेतरी बिअर होती. बिअर झाकायचीच असेल तर घालायची कशाला? सिरप आणि क्रीम काढून टाका, ग्लास गार करा, बाटली किंवा कॅन आणि गोळा वेगवेगळे आणून गिऱ्हाईकासमोर एकत्र करा, एवढंच केलं तरी तो पदार्थ उभा राहील. वेटरला मी हे शांतपणे सांगितलं, त्याने ऐकून घेतलं आणि आत जाऊन सांगतो म्हणाला. आणि स्ट्रॉ तर नकोच नको, स्ट्रॉने खालची बिअर आधी संपते आणि वर कोरडा गोळा उरतो, ह्या डेझर्टचा सगळा जीव दोन्ही एका चमच्यात येण्यात आहे.

बिअर घालून आईस्क्रीमच बनवायचं हा पुढचा प्रयोग. पहिल्यांदा दूध, क्रीम, साखर ह्या मिश्रणात स्टाउट तशीच ओतली, भरपूर, आणि रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलं तर सकाळी लापशी. अल्कोहोल गोठतं उणे ११४ डिग्रीला, घरातला फ्रीझर असतो उणे १८ च्या आसपास, आणि साखरेने गोठणबिंदू आधीच खाली गेलेला असतो त्यात ही भर, मग ते घट्ट होणार कसं. दुसऱ्यांदा ४४० मिलीचा अख्खा कॅन पसरट भांड्यात मंद गॅसवर आटवला, साधारण १०० मिली उरेपर्यंत, आणि गार करून मग मिश्रणात घातला. आटवल्याने अल्कोहोल बरंचसं उडतं, अगदी शून्य होत नाही, पाणी कमी होतं आणि चव गोळा होते. पण कडूपणासुद्धा गोळा होतो हे लक्षात घ्या. म्हणून इथे गिनेसपेक्षा मिल्क स्टाउट सरस ठरली, फ्लोटमध्ये जो गोडवा जास्त वाटला तोच इथे कामाला आला. आईस्क्रीम मऊ झालं, फ्रीझरमधून काढल्या काढल्या चमचा आत जाईल इतकं, रंग कॅरामलसारखा, आणि वासाला भाजलेल्या ब्रेडची कड. चांगलंच आहे. तरी एवढी खटपट करून जे मिळतं ते मला फ्लोटच्या खालचंच वाटलं, कारण ह्यात तो पापुद्रा नाही, पहिल्या चमच्यापासून शेवटच्या चमच्यापर्यंत बदलत जाणारी चव नाही.

प्रमाण विचाराल तर आमचं आता पक्कं झालंय. ४४० मिलीच्या एका कॅनमध्ये चार छोटे ग्लास, म्हणजे प्रत्येकी साधारण ११० मिली बिअर आणि लिंबाएवढे नाही, त्याहून मोठे, टेनिस बॉलच्या थोडे लहान असे गोळे एकेक. मोठ्या मगमध्ये करू नका, अर्ध्यात सगळं वितळून जातं, छोटा करा आणि लागला तर दुसरा करा. जेवण हलकं असेल त्या रात्री करा, पोटभर जेवणानंतर हा बसत नाही. वर काही भुरभुरायचंच असेल तर डार्क चॉकलेटचा कीस चिमूटभर, किंवा मिठाचे दोन-चार जाड खडे, बाकी काही नको.

ह्या शनिवारी ताई-दाजी परत येतायत. ताईने मघाशीच फोन करून विचारलं की येताना काय आणू, मी म्हटलं काळे कॅन दोन आण, व्हॅनिला घरात आहे आणि ग्लास सकाळीच फ्रिजमध्ये ठेवते.